क्रेडिट कार्डाचं बिल : ‘मिनिमम’ भरलं म्हणजे सुटलो असं नाही



१६ जून ते १५ ऑगस्ट आपल्या मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते. धरमपुरी असो, खलघाट असो की कुक्षीकडचं बॅकवॉटर, होड्या काठाला लागतात. पश्चिम किनारपट्टीवरच्या भावांची बंदी १ जून ते ३१ जुलै. जाळी बंद, पण कार्डाचं बिल बंद होत नाही. ते दर महिन्याला ठरल्या तारखेला येतंच.

आमच्या एका सभासदाने होडीच्या इंजिनाची दुरुस्ती कार्डावर केली. बिलावर दोन आकडे होते, एकूण देय आणि किमान देय. हे गृहस्थ दर महिन्याला किमान रक्कम भरत राहिले. त्यांना वाटलं, हाच हप्ता आहे. बरेच महिने भरूनही बाकी जवळपास तेवढीच!

असं का होतं ते बघा. समजा बिल २०,००० रुपयांचं आहे आणि किमान रक्कम ५ टक्के, म्हणजे १,०००. बाकी राहिले १९,०००. महिना साडेतीन टक्के व्याज धरलं तर ६६५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, असे साधारण ७८५ झाले. म्हणजे भरलेल्या हजारातून कर्ज फिटलं फक्त २१५ रुपये. महिना साडेतीन म्हणजे वर्षाला ४२ टक्के. शिवाय पूर्ण बिल न भरल्यास बिनव्याजी मुदत जाते आणि नव्या खरेदीलाही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं.

मग भरायचं कसं?

१. जमेल तर पूर्ण भरा. खात्यातून आपोआप कापून घेण्याची सोय घेतली असेल तर फॉर्मवर ‘एकूण’ लिहिलंय की ‘किमान’, ते आजच बघा.

२. आपल्याला पगार नाही, रोजची विक्री आहे. म्हणून मासळी विकली की त्याच दिवशी थोडे थोडे भरत चला. तारखेची वाट बघायची गरज नाही.

३. शेवटच्या दिवसावर सोडू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तारखेनंतर तीन दिवस उलटल्यावरच विलंब शुल्क लावता येतं, पण व्याजाला ती सूट नाही. बिलाची तारीख सोयीची नसेल तर बिलाचं चक्र किमान एकदा बदलून मागता येतं.

४. पूर्ण भरणं शक्यच नसेल तर किमानपेक्षा जितकं जास्त जमेल तितकं भरा आणि बाकी फिटेपर्यंत कार्ड वापरू नका. हप्त्यात बदलून घ्यायचं असेल तर व्याज आणि प्रक्रिया शुल्क आधी विचारा.

५. कार्डाने एटीएममधून रोख काढू नका. त्यावर शुल्क लागतं आणि पहिल्या दिवसापासून व्याज.

जाळी, दुरुस्ती, डिझेल हा धंद्याचा खर्च आहे. त्यासाठी किसान क्रेडिट कार्ड घ्या. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पापासून ते मच्छीमारांनाही मिळतं. २ लाखांपर्यंत ७ टक्के व्याज, वेळेवर फेडलं तर ४ टक्केच पडतं. कुठे ४ आणि कुठे ४२!

बंदीचे दोन महिने लक्षात ठेवून मे महिन्यातच कार्डाची बाकी शून्यावर आणा. बिल समजत नसेल तर लाजू नका, कागद घेऊन संस्थेच्या कार्यालयात या. सोबत बसून बघू. मात्र कार्डाचा पिन आणि ओटीपी आम्हालाही सांगू नका.