खोली भाड्याची, हवा कोणाची?

दहावीचा निकाल लागला, की लातूर आणि नांदेड या दोन शहरांत खोल्या शोधणाऱ्यांची एकच धांदल उडते. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव अशा अनेक जिल्ह्यांतून विद्यार्थी येथे शिकायला येतात. खोली पाहताना पालक घरमालकाला बरेच प्रश्न विचारतात. भाडे किती? पाणी केव्हा येते? मेस किती लांब आहे? पण ‘या खोलीत हवा कोठून येते आणि कोठून बाहेर जाते?’ हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न जिवाशी संबंधित आहे. कसा, ते आता पाहू.

स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन ही हायड्रोकार्बने असतात. पुरेसा ऑक्सिजन मिळाला, की त्यांतील कार्बनचा कार्बन डाय-ऑक्साइड होतो आणि हायड्रोजनचे पाणी होते. ज्योत निळी असते. ऑक्सिजन अपुरा पडला, की ज्वलन अर्धवट राहते. मग कार्बनच्या एका अणूला ऑक्सिजनचे दोन अणू मिळण्याऐवजी एकच मिळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. गॅस गळल्याचा वास आपल्याला येतो, तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन या द्रव्याचा. ते द्रव्यही ज्वलनात जळून जाते. त्यामुळे जळलेल्या गॅसपासून झालेला मोनॉक्साइड नाकाला कळत नाही.

आता थोडे गणित करू. एक किलो गॅस पूर्ण जळायला सुमारे १२ ते १३ घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गॅस गिझर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीत सुमारे २ घनमीटर हवा खर्ची पडते. भाड्याच्या खोलीतील न्हाणीघर समजा १.२ मीटर रुंद, १.५ मीटर लांब आणि २.४ मीटर उंच आहे. त्यातील एकूण हवा किती? जेमतेम ४.३ घनमीटर! थंडीचे दिवस, दार बंद, झरोक्याला पुठ्ठा लावलेला आणि गिझर आतच. दहा मिनिटांत जवळजवळ अर्ध्या हवेतील ऑक्सिजन गिझरनेच संपवला. त्याच्या कितीतरी आधी ज्योत पिवळी पडू लागते आणि मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. बंद खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडी हेच करते.

हा वायू शरीरात काय करतो? रक्तातील हिमोग्लोबिन फुप्फुसांत ऑक्सिजन उचलते आणि सर्व अवयवांना पोचवते. परंतु मोनॉक्साइडशी त्याचे बंधन ऑक्सिजनपेक्षा सुमारे दोनशे ते अडीचशे पट घट्ट असते. म्हणून हवेत हा वायू अगदी थोडा असला तरी तो हिमोग्लोबिन अडवून धरतो. डोके दुखते, मळमळते, पाय लटपटतात. माणूस दाराकडे जायचे ठरवतो, पण तेवढे बळच उरत नाही. झोपलेला माणूस तर जागाही होत नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही येथे फसतो, कारण मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनयुक्तच वाटते! २०२० सालच्या जानेवारीत नेपाळमधील दामन येथे केरळचे आठ पर्यटक एका बंद खोलीत गॅसच्या हीटरमुळे गुदमरून मृत्युमुखी पडले. त्यांत लहान मुलेही होती.

नाक, डोळे आणि जीभ उपयोगी पडत नाहीत, तेव्हा कोणा दुसऱ्याची ज्ञानेंद्रिये उसनी घ्यावी लागतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९० नंतरच्या दशकात कोळसा-खाणींतील मृत्यूंचा अभ्यास केला आणि लहान प्राणी सोबत नेण्याचा उपाय सुचवला. कॅनरी पक्ष्याच्या इवल्याशा देहावर वायूचा परिणाम माणसाच्या आधी दिसतो. ब्रिटनच्या खाणींत हे पक्षी १९८६ पर्यंत कामावर होते. मग त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक यंत्रांनी घेतली.

घरात लावायची सूचक यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिले धूरसूचक. पत्र्याच्या भोकातून आलेल्या कवडशात धूलिकण चमकताना तुम्ही पाहिले असतील. प्रकाशीय धूरसूचकाचे तत्त्व तेच. आतील प्रकाशकिरणात धुराचे कण शिरले, की प्रकाश विखुरतो, तो संवेदकावर पडतो आणि भोंगा वाजतो. दुसऱ्या जातीच्या धूरसूचकात अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा कण हवेचे आयनीभवन करून अतिशय सूक्ष्म विद्युत्प्रवाह चालू ठेवतो. धूर शिरला, की तो प्रवाह घटतो.

मोनॉक्साइड सूचकात बहुधा एक छोटासा विद्युत्-रासायनिक घट असतो. वायूचे ऑक्सिडीकरण होऊन वायूच्या प्रमाणात विद्युत्प्रवाह निर्माण होतो. युरोपीय मानकानुसार हवेच्या दशलक्ष भागांत ५० भाग मोनॉक्साइड असेल तर यंत्राने ६० ते ९० मिनिटांत, १०० भाग असेल तर १० ते ४० मिनिटांत आणि ३०० भाग असेल तर तीन मिनिटांच्या आत वाजले पाहिजे. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : धूरसूचकाला मोनॉक्साइड कळत नाही आणि गॅसगळती सूचकालाही कळत नाही. शिवाय घटाचे आयुष्य ठरावीक वर्षांचे असते. मुदत यंत्रावर छापलेली असते. ती संपली की यंत्र बदलावे लागते.

आता मुख्य प्रश्न. ही यंत्रे लावायची कोणी? इंग्लंडमध्ये २०१५ सालच्या नियमांनी ही जबाबदारी घरमालकावर टाकली. भाड्याच्या घरात प्रत्येक मजल्यावर धूरसूचक हवा. १ ऑक्टोबर २०२२ पासून, स्वयंपाकाच्या शेगडीखेरीज गॅसवर चालणारे कायम बसवलेले उपकरण असलेल्या प्रत्येक राहत्या खोलीत मोनॉक्साइड सूचकही हवा. यंत्र बंद पडल्याचे भाडेकरूने कळवले, तर ते दुरुस्त करणे किंवा बदलणे हेही मालकाचेच काम.

आपल्याकडे काय? मराठवाड्याला पूर्वी हैदराबाद राज्याचा १९५४ सालचा घरभाडे कायदा लागू होता. आता महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा सर्व राज्याला लागू आहे. त्यात सूचक यंत्रांचा उल्लेख नाही. परंतु त्याच्या कलम १४ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर जागा राहण्याजोगी व दुरुस्त ठेवण्यास घरमालक बांधील आहे. नोटीस देऊनही त्याने पंधरा दिवसांत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापर्यंतच. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. याशिवाय २००६ सालचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यात नमूद केलेल्या इमारतींत आगीपासून बचावाची साधने बसवणे व चालू स्थितीत ठेवणे हे मालक वा भोगवटादाराचे कर्तव्य आहे. ती चालू असल्याचा दाखला दर जानेवारी व जुलैमध्ये द्यावा लागतो.

कायद्याने स्पष्ट सांगितले नाही, ते करारात लिहून घेता येते. ‘गिझर न्हाणीघराबाहेर बसवलेला असेल, झरोका उघडा राहील, खोलीत सूचक यंत्र असेल’ अशी दोन ओळींची भर पुरेशी आहे. त्यात घरमालकाचेही हितच आहे.

आपल्या जुन्या माणसांना ही रसायने ठाऊक नव्हती, पण अनुभव होता. पाण्याचा बंब परसात पेटत असे. माळवदाच्या घरात चुलीच्या वर छताला धूर जायला भोक ठेवलेले असे. १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीची जड घरे जीवघेणी ठरली. त्यामुळे तसल्या भिंतींकडे परत जाण्याचा प्रश्नच नाही. मात्र ते भोक स्लॅबच्या घरातही हवे. भाडेकरूनेही आपली बाजू सांभाळली पाहिजे. झरोक्याला पुठ्ठा लावणारा हात बहुधा भाडेकरूचाच असतो!

एक साधा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करा. मेणबत्तीच्या ज्योतीत क्षणभर स्टीलचा चमचा चिमट्याने धरा. त्यावर काजळी धरेल. अर्धवट ज्वलनाची ती दिसणारी खूण. गिझरची किंवा शेगडीची ज्योत पिवळी दिसली, भांड्याचे बूड काळे पडू लागले, की हवा कमी पडते आहे असे समजा आणि ते उपकरण बंद करून तपासून घ्या.

खोलीतल्या सर्वांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर सर्दी-पडसे म्हणून सोडून देऊ नका. आधी सर्वांनी मोकळ्या हवेत या. जाता जाता शक्य असेल तर गॅस बंद करा, दारे-खिडक्या उघडा आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. साध्या हवेत रक्तातील मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. रुग्णालयात शुद्ध ऑक्सिजन दिला, तर सुमारे दीड तासात हे काम होते.

यंदा तुमचे दादा-ताई लातूरला वा नांदेडला खोली पाहायला जातील, तेव्हा त्यांच्या यादीत भाडे, पाणी आणि मेस यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न लिहून द्या : हवा कोठून येते?