ऊन मोजायचे कसे?

‘आज ऊन फार आहे’ असे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. पण ‘किती?’ असे कोणी विचारले, तर आपण थर्मामीटर पाहतो. ही गल्लत आहे. थर्मामीटर हवेचे तापमान सांगतो, उन्हाची शक्ती नव्हे. निरभ्र दिवशी ऊन सर्वांत प्रखर असते ते माध्यान्ही. हवा मात्र सर्वाधिक तापते ती त्यानंतर दोन-तीन तासांनी. कारण ऊन आधी जमीन तापवते आणि मग जमीन हवेला तापवते.

ऊन मोजण्याचे खरे उपकरण म्हणजे पायरॅनोमीटर. एक चौरस मीटर सपाट जागेवर आकाशातून किती वॉट सौरशक्ती पडते, हे ते सांगते. त्यात मध्यभागी एक काळी चकती असते व तिच्यावर काचेचे दोन घुमट, एकावर एक. काळा रंग जवळजवळ सगळा प्रकाश शोषतो आणि चकती तापते. दोन भिन्न धातूंचे अनेक सांधे तिला जोडलेले असतात. निम्मे सांधे तापलेल्या चकतीपाशी, निम्मे खालच्या थंड बैठकीपाशी. या दोहोंच्या तापमानात फरक पडला की सूक्ष्म विद्युत्-दाब निर्माण होतो. हा परिणाम सेबेक या शास्त्रज्ञाला १८२१ मध्ये आढळला. समजा, एका वॉटमागे १० मायक्रोव्होल्ट असे एखाद्या उपकरणाचे प्रमाण आहे आणि दाब भरला ८ मिलिव्होल्ट. तर ऊन ८०० वॉट. निरभ्र दुपारी हा आकडा १००० च्या आसपास जातो.

घुमट कशासाठी? वारा व पाऊस चकतीला थंड करू नयेत म्हणून. शिवाय काच सूर्यप्रकाश आत सोडते, पण इतर उष्णतेची लांब लहरींची प्रारणे अडवते. चकतीवर सतत सावली धरली, तर थेट किरण वगळून फक्त आकाशातून विखुरलेला प्रकाश मोजता येतो. जुलैत सूर्य आपल्या जवळजवळ डोक्यावर असूनही ढगांमुळे ऊन किती घटते, हे अशा नोंदींवरूनच नेमके कळते.

भारतात या नोंदींची घडी बसवण्यात ॲना मणी (१९१८–२००१) यांचा मोठा वाटा आहे. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या सुमारास हवामान खात्यातर्फे त्यांनी देशात प्रारणमापनाची केंद्रे उभी केली. पुढे १९८० मध्ये त्यांनी भारतातील सौरप्रारणाच्या आकड्यांचा ग्रंथ सिद्ध केला. उपकरणे अचूक हवीत, यावर त्यांचा कटाक्ष असे.

हा कटाक्ष अनाठायी नव्हता. घुमटावर धूळ बसली, उपकरण कलले किंवा जवळच्या झाडाची सावली पडली, तरी आकडा चुकतो. आणि आकडा चुकला, तर त्याची किंमत शेतकरी मोजतो. आता शेतात सौरपंप बसू लागले आहेत. दिवसभरात एका चौरस मीटरवर ५ युनिट ऊर्जा पडते असे धरले आणि पॅनेलने तिचा पाचवा हिस्सा विजेत बदलला, तर हाती सुमारे १ युनिट येते. प्रत्यक्षात ऊन ४ युनिटच असले, तर पंपाची वीज एक पंचमांशाने कमी पडेल आणि शेवटच्या वाफ्याला पाणी पोचणार नाही.

माझे वडील सावली पाहून वेळ अचूक सांगतात. पण सावलीवरून पॅनेल किती लावायचे, ते ठरवता येत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात, आणि रोज सकाळी घुमट पुसणारा कोणीतरी लागतो.