अरबी समुद्रातील ‘गेल वॉर्निंग’ : आकडे कसे वाचावेत?



मे-जून किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की मस्कतमधल्या आपल्या घरांत फोन वाजू लागतात. “समुद्रात काहीतरी तयार होतंय म्हणे, तुमच्याकडे कसं आहे?” असे गावाकडून विचारणे होते, आणि आपण रत्नागिरी-अलिबागच्या मंडळींना तेच विचारतो. समुद्र एकच आहे. त्यात आपल्यापैकी कित्येकांचा मुलगा, भाऊ किंवा जावई बोटीवर असतो. इंटरनेटवरची सूचना वाचून धास्ती तर वाटते, पण तिचा अर्थ नीट कळत नाही. तो समजून घेण्यासाठी हा लेख.

३४ नॉट म्हणजे काय?

समुद्रावरचा वारा ‘नॉट’मध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. ब्युफोर्ट नावाच्या मोजपट्टीत वाऱ्याच्या ० ते १२ अशा पायऱ्या आहेत. आठवी पायरी, म्हणजे ३४ ते ४० नॉट, हा ‘गेल’. ४८ नॉटपासून ‘स्टॉर्म’ आणि ६४ नॉटपासून ‘हरिकेन’ वेगाचा वारा.

भारतीय हवामान खात्याचे टप्पेही याच आकड्यांवर आहेत. कमी दाबाच्या क्षेत्राभोवतीचा वारा ३४ नॉटला पोचला की त्याला चक्रीवादळ म्हणतात आणि तेव्हाच त्याला नाव मिळते. ४८ नॉटला तीव्र, ६४ नॉटला अतितीव्र, आणि १२० नॉटला महाचक्रीवादळ. म्हणून वादळाला नाव पडले याचा अर्थ तिथे निदान ‘गेल’ आहेच.

आकडा थोडासा वाढला तरी हलके घेऊ नये. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३४ चे ४८ नॉट झाले की दाब जवळजवळ दुप्पट होतो, ६४ नॉटला साडेतीनपट.

एकाच वादळाचे दोन ठिकाणी दोन आकडे दिसतात, त्याने गोंधळू नका. भारतात तीन मिनिटांची सरासरी धरतात, अमेरिकेत एका मिनिटाची. एका मिनिटाचा आकडा साधारणपणे मोठा येतो. शिवाय मधले झोत सरासरीपेक्षा बरेच जोरात असतात.

प्रत्येक ‘गेल’ म्हणजे वादळ नव्हे

जुलैमध्ये सोमालिया ते मसिराह या पट्ट्यात गेलची सूचना वारंवार निघते. तो नैर्ऋत्य मोसमी वारा. आपल्या कोकणातला पाऊस आणि सलालाचा खरीफ दोन्ही त्याचेच. त्या काळात वरच्या आणि खालच्या हवेतल्या वाऱ्यांत इतका फरक असतो की चक्रीवादळाला उभे राहायला जागाच मिळत नाही. म्हणून अरबी समुद्रातली वादळे मुख्यतः पावसाळ्याच्या आधी आणि नंतर येतात. बोटीवरच्या मुलाने जुलैत “गेल लागलाय” म्हटले तर बोट हलणार, त्याला नीट जेवता-झोपता येणार नाही, पण हे दरवर्षीचे आहे.

बोटीवर सूचना कशी पोचते?

जगातले समुद्र सूचनांसाठी विभागून दिले आहेत. अरबी समुद्राच्या मोठ्या भागासाठी सूचना भारत काढतो, तर ओमानचे आखात आणि पलीकडच्या आखातासाठी पाकिस्तान. बोटींना त्या उपग्रहावरून आणि किनाऱ्याजवळ ‘नॅव्हटेक्स’वरून मिळतात. सूचना वाचताना चार गोष्टी पाहाव्यात.

१) वेळ. ती जागतिक वेळेत असते. मस्कतसाठी चार तास मिळवावे, भारतासाठी साडेपाच.

२) वादळाचे ठिकाण आणि दिशा. आपल्या उत्तर गोलार्धात वादळ ज्या दिशेने चालले आहे तिच्या उजव्या हाताची बाजू जास्त घातक, कारण तिथे वादळाची स्वतःची चाल वाऱ्याच्या वेगात मिळते.

३) ३४ नॉटच्या वाऱ्याचा घेर. नकाशावरच्या बारीक रेषेपेक्षा हा घेर महत्त्वाचा. अंदाजातली चूक धरून एका दिवसासाठी १००, दोन दिवसांसाठी २०० आणि तीन दिवसांसाठी ३०० सागरी मैल त्यात मिळवायचे, असा दर्यावर्दी लोकांचा जुना आडाखा आहे.

४) लाटांची उंची. दिलेला आकडा हा सर्वात उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी असतो. एखादी लाट त्याच्या दुप्पट येऊ शकते.

सूचना मिळणे आणि बोट वेळेत हलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ येत असल्याच्या सूचना काही दिवस आधीपासून निघत होत्या. तरीही मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात नांगरलेली ‘पी-३०५’ ही बार्ज तिथेच राहिली. नांगर तुटले आणि ती बुडाली. बार्जवरच्या २६१ जणांपैकी सत्तरहून अधिक जण गेले.

किनाऱ्यावर धोका पाण्याचा

आपण घरात बसून वाऱ्याचा आकडा पाहत राहतो. जून २००७ चे ‘गोनू’ आठवा. ४ जूनला ते समुद्रात महाचक्रीवादळ होते, तोपर्यंतच्या नोंदींत अरबी समुद्रातले सर्वात तीव्र. ६ तारखेला मस्कतला पोचेपर्यंत त्याचा जोर पुष्कळ कमी झाला होता. पण मस्कतला वर्षभरात सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्या वेळी ओमानच्या काही भागांत ६०० मिलिमीटरहून अधिक पडला. कोरड्या डोंगरावर पाणी मुरत नाही, ते सरळ वादीत येते. कुरूम आणि वादी अदाईत रस्ते वाहून गेले, पिण्याचे पाणी काही दिवस बंद झाले, ओमानमध्ये सुमारे पन्नास माणसे गेली.

२०२१ चे ‘शाहीन’ही असेच अनपेक्षित. बंगालच्या उपसागरातले ‘गुलाब’ वादळ आंध्रात शिरले, विरत विरत मराठवाड्यात मुसळधार पाऊस पाडून अरबी समुद्रात उतरले आणि तिथे पुन्हा उभे राहिले. ३ ऑक्टोबरच्या रात्री ते सुवैक-अल खाबुरा भागात धडकले. गावाकडचा पूर आणि इकडचा पूर एकाच वादळाचे!

म्हणून आपल्या सभासदांना विनंती :

• पाऊस थांबला तरी डोंगरातले पाणी नंतर येते. वादी वाहत असेल तर गाडी घालू नका. समोरचा गेला म्हणून आपणही जावे असे नाही.
• पिण्याचे पाणी, औषधे, टॉर्च आणि मोबाईलची बॅटरी आदल्या दिवशीच तयार ठेवा. पासपोर्ट आणि कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उंचावर ठेवा.
• तळमजल्यावर राहणाऱ्या कुटुंबांनी वरच्या मजल्यावरच्या ओळखीच्यांशी आधीच बोलून ठेवावे.
• लांब लाटा वादळाच्या आधीच किनाऱ्याला लागतात. आकाश निरभ्र असले तरी मुलांना समुद्रावर नेऊ नका.
• बातमी ओमानच्या हवामान खात्याची किंवा भारतीय हवामान खात्याची असेल तरच पुढे पाठवा. अडचणीत पोलिसांचा क्रमांक ९९९९.

बोटीवरच्या माणसाचा फोन वादळात दोन-दोन दिवस लागत नाही. अशा वेळी त्याच्या कंपनीच्या ऑफिसला फोन करून बोटीचे ठिकाण विचारावे आणि ते सूचनेतल्या ३४ नॉटच्या घेराशी ताडून पाहावे. बोट घेराबाहेर दिसली की त्या घरच्या आईला निदान दोन घास जातात. ज्यांना हे जमत नसेल त्यांनी मंडळाला जरूर कळवावे, आपण मिळून पाहू.