फोर्टच्या गोंगाटात घडलं बीटल्सचं गाणं

यवतमाळात दत्त चौकाजवळच्या एखाद्या खोलीत गाणं रेकॉर्ड करून पाहा. खिडक्या लावा, दाराला गोधडी अडकवा, पंखाही बंद करा. टेक मस्त चाललेला असतो आणि नेमका ऑटोवाला हॉर्न मारतो. की पुन्हा पहिल्यापासून! मग आपलं ठरलेलं वाक्य येतं, 'इथं राहून काही होत नाही, मुंबईचा स्टुडिओ पाहिजे.' पण मुंबईच्या स्टुडिओतही एकेकाळी हेच हाल होते. आणि तिथं अडकला होता चक्क बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन.

गाण्याचं नाव 'द इनर लाइट'. साल १९६८.

शब्द आले पोस्टानं

१९६७ च्या सप्टेंबरमध्ये जॉर्ज आणि जॉन लेनन ध्यानधारणेवर बोलायला ब्रिटिश टीव्हीवर आले होते. केंब्रिजमधले संस्कृतचे अभ्यासक हुआन मास्कारो यांनी जॉर्जला पत्र लिहिलं आणि सोबत आपलं एक पुस्तक धाडलं. गीता आणि उपनिषदं इंग्रजीत आणणारे हेच ते मास्कारो. 'ताओ ते चिंग' या चिनी ग्रंथातल्या एका छोट्या उताऱ्याला चाल लाव, असं त्यांनी सुचवलं. उताऱ्याचा अर्थ साधा आहे : दाराबाहेर पाऊल न टाकताही जग कळू शकतं.

गंमत अशी, की हे गाणं करायला जॉर्ज लंडनहून थेट मुंबईला आला!

साडेपाच वाजले, थांबा!

खरं तर तो आला होता 'वंडरवॉल' या सिनेमाच्या संगीतासाठी. मुंबई त्याला नवीन नव्हती. १९६६ मध्ये पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकायला तो आला होताच. आता फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत काम सुरू झालं. मशीन दोन ट्रॅकचं, तेही खास कलकत्त्याहून आणलेलं. म्हणजे आधी पेटी, मग बासरी, नंतर चुका दुरुस्त, असले लाड नाहीत. सगळ्यांनी एकत्र वाजवायचं आणि आवाजाचा तोलही तेव्हाच सांभाळायचा.

त्यात खोलीत बाहेरचा आवाज यायचा. रस्त्यावरच्या टॅक्सी, बस सगळं ऐकू यायचं. संध्याकाळी साडेपाचला ऑफिसं सुटली, की जिन्यावरून उतरणाऱ्यांच्या पावलांचा धडधडाट. तेवढा वेळ रेकॉर्डिंग चक्क थांबवावं लागे.

सिनेमाचं काम होता होता याच सत्रांत 'द इनर लाइट'चं संगीत रेकॉर्ड झालं. त्यात गिटार नाही, ड्रम्स नाहीत. आशिष खान यांचा सरोद, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, महापुरुष मिश्र यांचा पखवाज, रिजराम देसाद यांची पेटी. हॅरिसनचे तिन्ही साथीदार तेव्हा हजारो मैल लांब होते.

फेब्रुवारीत लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत जॉर्ज गायला उभा राहिला, तर पट्टी उंच! आवाज लागेल का, अशी धास्ती. जॉन आणि पॉल मॅकार्टनी यांनी धीर दिला आणि शेवटच्या ओळींना आपला आवाजही दिला. मार्च १९६८ मध्ये 'लेडी मॅडोना'च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला, म्हणजे बी साइडला, हे गाणं आलं. बीटल्सच्या सिंगलवर आलेलं जॉर्जचं हे पहिलंच गाणं.

मग नाव कुणाचं?

त्या रेकॉर्डच्या लेबलवर गाणं कुणाचं, तर हॅरिसनचं. सादर कोण करतंय, तर बीटल्स. सरोद, बासरी, पखवाज, पेटी कुणाची, ते कुठंच नाही. तेव्हाची पद्धतच तशी होती. पुढं चौरसिया जगभर पोचले. 'वंडरवॉल'च्या सत्रांत संतूर वाजवणाऱ्या शिवकुमार शर्मांसोबत 'शिव-हरी' म्हणून त्यांनी 'सिलसिला'ला संगीतही दिलं. पण रिजराम देसाद हे नाव आज किती जणांना माहीत आहे? आणि त्यांची पेटी मात्र बीटल्सच्या गाण्यात कायमची वाजते आहे.

म्हणून ही गोष्ट आपल्या कामाची. आज तुमच्या फोनमधल्या साध्या ॲपमध्येही दोनापेक्षा जास्त ट्रॅक असतात. त्यामुळे 'सोय नाही' हे कारण आता चालत नाही. पण नाव देण्याचं काय? पुसद-दिग्रसकडच्या तांड्यावर होळीला लेंगी गातात. उद्या कुणी ती फोनवर घेईल, खाली बीट टाकेल, रील व्हायरल होईल. गाणाऱ्या आजीचं आणि डफ वाजवणाऱ्या काकांचं नाव त्यात असेल का? त्यांना विचारलेलं तरी असेल का?

'द इनर लाइट' तीन मिनिटांपेक्षाही छोटं आहे. हेडफोन लावून ऐका. आणि पुढचं गाणं अपलोड कराल तेव्हा कॅप्शनमध्ये हॅशटॅगच्या आधी वाजवणाऱ्यांची नावं लिहा. त्याला पैसे पडत नाहीत.