गाव कोठे? माणसे किती?

औसा तालुक्यातील किल्लारी कोठे आहे? सुमारे १८ अंश उत्तर अक्षांश, साडेशहात्तर अंश पूर्व रेखांश. लोकसंख्या? ती जनगणनेच्या पुस्तकातून उतरवली की उत्तर पूर्ण झाले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ही दोन्ही उत्तरे एकदम मोडली.

आधी स्थानाचे पाहू. भूकंपानंतर लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. नाव तेच, जागा वेगळी; जुन्या नकाशावरचा ठिपका मात्र होता तेथेच. हा फरक अक्षांश-रेखांशांत दिसेल का? अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. त्याचा साठावा भाग, म्हणजे एक मिनिट, सुमारे १.८५ किलोमीटर. रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात, म्हणून आपल्याकडे रेखांशाचे मिनिट थोडे लहान, सुमारे १.७६ किलोमीटर. तेव्हा स्थान मिनिटांपर्यंतच दिले, तर जवळजवळ किलोमीटरभराची चूक त्यात मुकाट्याने बसते. एखादे गाव तेवढेच सरकले असेल, तर ते हललेले कळणारही नाही! नुसते अंशच लिहिले, तर अख्खा तालुका त्यात हरवतो.

शिवाय गाव हा बिंदू नव्हेच. जनगणनेचे गाव म्हणजे महसुली गाव. त्याच्या शिवेच्या आतील गावठाण, वस्ती, तांडा यांतील सारी माणसे एकाच आकड्यात येतात. म्हणून मुखेड-कंधारकडील एखाद्या तांड्याची लोकसंख्या पुस्तकात शोधली, तर बहुधा सापडत नाही. शाळा किंवा नळयोजना मागायची वेळ आली, की ही अडचण कळते.

आता माणसे. १९९१ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. १ मार्चचा सूर्योदय हा तिचा संदर्भक्षण. भूकंप झाला तो यानंतर अडीच वर्षांनी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. कोणाकडे पाहुणे, कोणाचा मुलगा पुण्या-मुंबईला. ढिगाऱ्याखाली आणखी किती जण आहेत हे ठरवताना हवा असतो तो त्या रात्रीचा आकडा, आणि तो कोणत्याच पुस्तकात नसतो. मृतांची संख्या निरनिराळ्या नोंदींत आठ हजारांपासून दहा हजारांच्या घरापर्यंत आढळते, ती उगीच नव्हे.

फेब्रुवारीचीही एक गोम आहे. नियम असा, की गणनेच्या दिवसांत जो आपल्या नेहमीच्या घरी थोडाही काळ राहिला, तो तेथे मोजला जातो. पूर्ण काळ बाहेर असलेला माणूस जेथे आढळेल तेथे. मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतात आणि फेब्रुवारीत फडावरच असतात. त्यांचे माप दुसऱ्याच जिल्ह्याच्या पदरात पडते.

२०११ मध्ये लातूर जिल्ह्याची लोकसंख्या २४,५४,१९६ नोंदली गेली. शेवटचा ६ पाहून मुलांना वाटते, एकही माणूस सुटला नसेल. त्यांना शाळेचे हजेरीपत्रक काढून द्यावे आणि सप्टेंबर व फेब्रुवारीची पटावरची नव्हे, वर्गात बसलेली मुले मोजायला सांगावीत.