येणे बाकी

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक रेखाटण्यापूर्वी वडिलांची जुनी रोजकीर्द एकवार उघडून पाहावी, असा प्रघात मी गेली तीस वर्षे पाळत आलो आहे. आणि दर खेपेस, पिवळ्या पडलेल्या त्या पानांवर माझी दृष्टी नफ्याच्या आकड्याकडे न जाता ‘येणे बाकी’ या दोन शब्दांखाली मांडलेल्या नावांवरच जाऊन थबकते. कोल्हापुरात बिडाच्या ओतकामाचा धंदा करणाऱ्या माझ्यासारख्याला समाज, व्यापार आणि जगाचे अर्थकारण यांविषयी जे काही उमगले, ते ग्रंथांतून थोडे आणि या दोन शब्दांतून पुष्कळ उमगले.

आमच्या प्रदेशात कारखानदारी रुजली ती केवळ भांडवलाच्या बळावर नव्हे. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवून गुळाच्या व्यापाराला हक्काची जागा दिली, १९०६ साली कापडगिरणीचा पाया घातला. आणि औंध संस्थानच्या आश्रयाने लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर आपला कारखाना हलवला. लोखंडी फाळाने जमीन विषारी होते, अशी ज्या शेतकऱ्याची समजूत, त्याच्याच हाती लोखंडी नांगर द्यायचा, तर त्यासाठी लागणारी पत कोणत्याही पेढीवर उसनी मिळत नाही. पुढे उसाच्या मळ्यांसाठी पाणी उपसणारी इंजिने आली, इंजिनांना सुटे भाग लागले, सुट्या भागांसाठी भट्ट्या पेटल्या. आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या पत्र्याच्या शेडमधून निघालेला हा धंदा शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींपर्यंत पसरला.

आमच्या साच्यातून बाहेर पडणारा बिडाचा एक साधा तुकडा हातात घेतला, तरी त्यात केवढा भूगोल साठलेला असतो! वाळू सिंधुदुर्गातल्या कासार्ड्याकडून घाट चढून येते, तिला चिकटपणा देणारे बेंटोनाइट कच्छमधून येते, पिग आयर्न गोव्याहून किंवा होस्पेटहून येते, आणि ते ज्या कोकवर तयार होते त्याचा कोळसा बहुतांशी ऑस्ट्रेलियातून समुद्रमार्गे येतो. साचे भरणारे हात बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशातून येतात. २०२० सालच्या मार्चअखेरीस टाळेबंदी पुकारली गेली, तेव्हा यांतले आमच्या अंगणात उभे होते ते हेच हात, आणि त्यांना गावी जाण्याखेरीज दुसरा आधार आम्ही वीस वर्षांत उभा करून दिला नव्हता, ही गोष्ट मला त्या दिवसांत फार लागली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले. रशिया आणि युक्रेन हे दोन्ही देश पिग आयर्नचे मोठे निर्यातदार. तो पुरवठा अडताच परदेशी खरेदीदार इतरत्र माल शोधू लागले, आणि आमच्या गोव्या-होस्पेटच्या मालाचे भाव आठवड्या-आठवड्याला चढू लागले. मे महिन्यात केंद्र सरकारने पिग आयर्नवर १५ टक्के निर्यात शुल्क बसवले, कोकवरील आयात शुल्क काढून टाकले. नोव्हेंबरमध्ये निर्यात शुल्क मागे घेतले. मात्र कच्च्या मालाचा भाव रोज बदलत असता आमच्या कास्टिंगचा दर तिमाहीसाठी बांधलेला होता, आणि तो वाढवून मिळेपर्यंतचा फरक ज्याने सोसला, तो या साखळीतला सर्वांत लहान व्यापारी होता.

येथेच मला माझ्या विषयाचे मर्म दिसते. जगाचे अर्थकारण लहान कारखानदाराच्या दारी भावाच्या रूपाने येते हे खरे. परंतु ते त्याहून अधिक मुदतीच्या रूपाने येते. १५ सप्टेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कची लेहमन ब्रदर्स ही पेढी दिवाळखोरीत गेली, आणि २८ ऑक्टोबरला आमच्याकडे लक्ष्मीपूजन झाले. मधल्या त्रेचाळीस दिवसांत आमच्या निम्म्याहून अधिक मागण्या रद्द झाल्या आणि एका मोठ्या खरेदीदाराने, कोणतेही पत्र न पाठवता, साठ दिवसांचे देणे पाच महिन्यांवर नेले. मोठ्यांना कर्ज देणारा खरा सावकार बिनव्याजी, बिनतारणी आणि तगाद्याचाही हक्क नसलेला लहान पुरवठादारच असतो, हे मी त्या हिवाळ्यात शिकलो.

कायदा नाही असे नव्हे. २००६ सालच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग अधिनियमाने लेखी कराराची मुदतही पंचेचाळीस दिवसांपलीकडे जाऊ नये असा दंडक घातला, आणि विलंबावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज ठरवले. अलीकडे आयकर कायद्यातही अशी तरतूद झाली, की सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे मुदतीत न दिल्यास ते प्रत्यक्ष चुकते होईल त्याच वर्षी त्याची वजावट मिळावी. तरीही दाद मागायला त्या अधिनियमाखालच्या परिषदेकडे जाणारे मला फार थोडे भेटले, कारण ज्याच्यावर अर्ज करायचा त्याच्याच पुढच्या ऑर्डरवर भट्टी पेटायची असते. नव्या तरतुदीनंतर एका खरेदीदाराने तर मी लघुउद्योग म्हणून असलेली माझी नोंदणीच सोडून द्यावी असे सुचवले. मी ती सोडली नाही, आणि त्याच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या.

परंतु या तक्रारीचे दुसरे पान मला लिहिलेच पाहिजे. आमचे लाकडी पॅटर्न करणारे मिस्त्री मोठे कसबी. बीड निवताना मीटरला सुमारे दहा मिलिमीटर आक्रसते, तो फरक ते नजरेनेच धरत आणि मग मापाने पडताळून पाहत. २००८ च्या त्या हिवाळ्यात माझे पैसे अडकले म्हणून मी त्यांचे अडकवले. आमच्यात कागद कधीच झाला नव्हता. आणि लेखी करार नसेल तेथे तोच अधिनियम पंधरा दिवसांत देणे चुकते करायला सांगतो. मी रक्कम घेऊन गेलो तेव्हा मार्च उजाडला होता, आणि त्यांच्या शेडमधला लाकूड कापण्याचा बँडसॉ विकला गेला होता. त्यांनी पैसे मोजून घेतले, छोट्या वहीत नोंद केली, आणि नव्या भागाचे ड्रॉइंग आले का, एवढेच विचारले. आज ते हयात नाहीत. त्यांनी पेन्सिलीने मापे लिहिलेले पॅटर्न आमच्या माळ्यावर आहेत आणि त्यांतले दोन अजून कामात आहेत.

यंदाच्या पाडव्यापासून वाळूवाला, पॅटर्नवाला आणि खरादीचे काम करणारे दोन छोटे कारखाने यांची बिले पंधराव्या दिवशी चुकती करायची, असे मी मुनीमजींना सांगितले आहे. त्यासाठी बँकेच्या कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवावी लागेल आणि व्याजाचा बोजा पडेल, हे त्यांनी हिशेब मांडून दाखवले. तो बोजा मी उत्पादनखर्चात धरला आहे, आणि तेवढी दरवाढ मागणारी पत्रे आमच्या तीन मोठ्या खरेदीदारांना दसऱ्यापूर्वीच गेली आहेत. दोघांनी होकार कळवला. तिसऱ्याचे उत्तर अद्याप यायचे आहे.