स्ट्रॅटफर्डची घरे : एक पाठचिकित्सा

जुन्या पोथ्यांशी ज्याचा संबंध आला आहे, तो अभ्यासक अतिशय स्वच्छ व सुबोध पाठ समोर आला की प्रथम साशंक होतो. त्या स्वच्छतेमागे बहुधा कोणा उत्तरकालीन लेखनिकाचा हात असतो. इंग्लंडमधील वॉरिकशर परगण्यात स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन येथे शेक्सपिअरची म्हणून जी घरे दाखविली जातात, त्यांच्याकडेही याच साशंकतेने पाहावयास हवे. ही घरे कविचरित्राचा पुरावा म्हणून पुष्कळदा उद्धृत होतात. परंतु चरित्रापेक्षा कवीच्या कीर्तीचा इतिहासच त्यांत अधिक स्पष्टपणे वाचता येतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हेन्ली स्ट्रीटवरील 'जन्मस्थान' हे त्यांतील प्रमुख. कवीचा पिता जॉन शेक्सपिअर हा हातमोजे बनविणारा कारागीर. रस्त्यावर उकिरडा केल्याबद्दल १५५२ मध्ये त्याला एक शिलिंग दंड झाला. तो त्या रस्त्यावर राहत होता, याचा सर्वांत जुना लेखी आधार हा असा आहे! पुत्राच्या बाप्तिस्म्याची नोंद २६ एप्रिल १५६४ ची आहे. मात्र त्याचा जन्म नेमका कोणत्या वास्तूत, कोणत्या खोलीत झाला, हे सांगणारा एकही समकालीन कागद नाही. जन्माची म्हणून दाखविली जाणारी खोली ही परंपरेची देणगी होय. परंपरा म्हणजे असत्य नव्हे. पण तिला कागदाचे वजन देता येत नाही.

वास्तू मात्र कुटुंबाची होती, यात शंका नाही. कवीची बहीण जोन हार्ट हिच्या वंशजांकडे ती १८०६ पर्यंत राहिली. तोपर्यंत एका भागात खाटकाचे दुकान व दुसऱ्या भागात खानावळवजा मद्यगृह आले होते. यात्रेकरू भिंतींवर आणि खिडकीच्या काचांवर आपली नावे कोरीत. वॉल्टर स्कॉटचे नावही त्यांत आहे. घर दाखविणाऱ्या मेरी हॉर्नबी या बाईस १८२० मध्ये जागा सोडावी लागली, तेव्हा तिने रागाने त्या स्वाक्षऱ्यांवर चुना फासला. टीकाकाराने मूळ संहितेवरच हरताळ फासण्याचा हा प्रकार.

सप्टेंबर १८४७ मध्ये घर लिलावात निघाले. बार्नम नावाचा अमेरिकन प्रदर्शनकार ते उचलून आपल्या देशी नेणार, अशी आवई उठली होती. अखेर सार्वजनिक वर्गणीतून ३,००० पौंडांना ते विकत घेण्यात आले. निधी उभारणाऱ्यांत डिकन्सही होता. खरा पाठसंस्कार त्यानंतर झाला. आगीच्या भयाने दोन्ही बाजूंची घरे पाडण्यात आली आणि १७६९ मधील एका चित्राबरहुकूम छपरातील खिडक्या, त्रिकोणी माथे व दर्शनी भाग पुन्हा रचण्यात आला. लाकडी सांगाडा आणि कुडाच्या भिंती यांतील पुष्कळसे द्रव्य जुनेच आहे. पण आज सुटे उभे असलेले हे घर मुळात रस्त्यावरच्या ओळीतले एक होते. आपण जे पाहतो, ती एका जुन्या प्रतीच्या आधारे सिद्ध केलेली एकोणिसाव्या शतकातील आवृत्ती आहे.

भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी येथे एक नाव ध्यानात ठेवावे. या जीर्णोद्धारासाठी १८५६ मध्ये २,५०० पौंड देणारा गृहस्थ होता जॉन शेक्सपिअर. कवीच्या पित्याचा नामसारखा, आणि १८१७ चा हिंदुस्थानी-इंग्रजी शब्दकोश रचणारा तोच. ईस्ट इंडिया कंपनीच्या ॲडिस्कम येथील सैनिकी विद्यालयात त्याने हिंदुस्थानी शिकविली होती. इंग्लंडच्या राष्ट्रकवीचे घर सावरणाऱ्या पैशामागे आपल्या एका भाषेचा अध्यापक उभा होता, ही गोष्ट स्ट्रॅटफर्डवरील लेखनात क्वचितच येते.

याच्या उलट 'न्यू प्लेस'. हे घर कवीने १५९७ मध्ये स्वतः विकत घेतले. १६१६ मध्ये तो निवर्तला तोही तेथेच, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कागदपत्रांचा आधार पाहता त्याचा अधिकार पहिला. तेथे आज घर नाही. फ्रान्सिस गॅस्ट्रेल या धर्मोपदेशकाने पाहुण्यांच्या त्रासाला कंटाळून प्रथम अंगणातील तुतीचे झाड तोडविले आणि पुढे करावरून गावाशी वाजल्यावर १७५९ मध्ये घरच पाडले. गॅस्ट्रेलला आजवर शिव्याशापच मिळाले. पण त्याने पाडलेली वास्तू क्लॉप्टन घराण्याने १७०२ च्या सुमारास नव्याने बांधलेली होती, हे सहसा सांगितले जात नाही. कवीचे घर त्याआधीच गेले होते. तुतीच्या लाकडाच्या डब्या व पेले मात्र वर्षानुवर्षे विकले गेले. एका झाडातून इतके लाकूड निघावे, हे नवलच.

सर्वांत बोधप्रद उदाहरण जवळच्या विल्मकोट गावचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन जॉर्डन या स्थानिक हौशी संशोधकाने एक देखणे लाकडी घर कवीच्या आईचे, मेरी आर्डनचे, म्हणून दाखविले. जन्मस्थान न्यासाने ते १९३० मध्ये विकत घेतले. २००० मध्ये जुन्या दस्तऐवजांवरून सिद्ध झाले, की ते ॲडम पामर या शेजाऱ्याचे होते. आर्डनांचे घर बाजूचे, बाहेरून विटांत दडलेले, साधे दिसणारे ग्लीब फार्म. सुदैवाने न्यासाने तेही १९६८ मध्ये घेऊन ठेवले होते. न्यासाने चूक जाहीरपणे मान्य करून नावे बदलली, आणि जुने देखणे घर तेव्हापासून 'पामर्स फार्म' म्हणून ओळखले जाऊ लागले.